रात्रपाळीत साप चावलेला पेशंट येतो तेव्हा

कोल्हापूर जिल्ह्यात कॅज्युअल्टीची नाईट म्हटली की साप चावलेला पेशंट धरून चालायचंच. शेतीपंपाची वीज कित्येकदा रात्रीच येते. मग करवीर, पन्हाळा, राधानगरी, भुदरगडकडची माणसं बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जातात. ऊसतोडीच्या हंगामात खोपीत जमिनीवर झोपणारी कुटुंबं असतात. या कामात औषधापेक्षाही सिस्टरच्या घड्याळावर आणि नजरेवर जास्त भिस्त असते, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितोय.

पेशंट दारातून आत येतानाच दोन प्रश्न विचारायचे: किती वाजता चावलं, आणि पायाला काही बांधलंय का? दोरी किंवा फडकं आवळून बांधलेलं असलं तर ते झटक्यात सोडायचं नाही. डॉक्टर शेजारी हवेत, सलाईनची लाईन सुरू हवी, अॅम्बू (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि घशातली लाळ ओढून घेणारं सक्शन हाताशी हवं. बांधलेल्या जागेखाली नाडी लागते का ते आधी बघायचं. गाठ सुटताच अडकलेलं विष एकदम अंगात पसरून पेशंट कोसळू शकतो. मारलेला साप पिशवीतून आणणारे नातेवाईक अजूनही भेटतात. त्याची गरज नसते, कारण आपल्याकडची सापाच्या विषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच आहे. शिवाय मेलेल्या सापाचं तोंडही चावू शकतं.

त्यानंतर रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी. मध्यरात्री लॅबवर अवलंबून न राहता खाटेशेजारी करता येते. २ मिली ताजं रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, नळी स्टँडमध्ये उभी ठेवायची आणि २० मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनलंय, म्हणजे घोणस किंवा फुरशाचा संशय घट्ट. चाचणी बहुतेक वेळा बिघडते ती नळीमुळे. प्लॅस्टिकची नळी किंवा साबणाने धुतलेली काच वापरली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि लस विनाकारण जाते. मधेच कुणी नळी हलवून बघतं, तेही चूक. पहिली नळी गोठली म्हणून सुटलो असं नसतं. सुरुवातीचे ३ तास दर अर्ध्या तासाने आणि पुढे तासातासाने ती परत करावी लागते. सूज कुठवर चढली ते पेनाने रेघ मारून, शेजारी वेळ लिहून ठेवावं. चावलेल्या हातापायात सुई घालू नये, आणि रक्त गोठत नसताना धनुर्वाताचं इंजेक्शनही थांबवावं.

मण्यारीचा पेशंट मात्र सगळ्यांना फसवतो. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण बहुतेकदा दिसतही नाही. पहाटे माणूस पोटदुखी आणि उलटीची तक्रार घेऊन येतो, "काय चावलं न्हाई ओ सिस्टर," म्हणतो आणि त्याला पित्ताचं इंजेक्शन मिळतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपणारा कुणीही अचानक पोटदुखी घेऊन आला की त्याच्या पापण्या बघाव्यात. एक मिनिटभर वर छताकडे बघायला सांगायचं. पापण्या आपोआप खाली येऊ लागल्या तर लगेच डॉक्टरांना हाक. उशीवरून मान उचलता येते का, थुंकी गिळता येते का, एका श्वासात किती आकडे म्हणतो, हे दर थोड्या वेळाने तपासून लिहायचं. मघाशी पंचविसापर्यंत जाणारा आता बारावर थांबतोय, तर व्हेंटिलेटरची तयारी तेव्हाच करायची. ऑक्सिमीटरचा आकडा घसरायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो. अशा पेशंटला "झोप लागलीय, झोपू दे" म्हणून सोडणं मला सर्वांत घातक वाटतं.

लस सुरू करायचा निर्णय डॉक्टरांचा, पण तयारी आपली. साधारण १० व्हायल (लसीच्या पावडरीच्या छोट्या बाटल्या) लागतात. प्रत्येकीत १० मिली इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी घालून तळहातांमध्ये हलकेच फिरवायची. जोरात हलवली की फेस होतो. एकटीने दहा व्हायल विरघळवताना बराच वेळ जातो, म्हणून सोबत दुसरं कुणी घ्यावं. हे सगळं सलाईनमध्ये घालून साधारण तासाभरात जाऊ द्यायचं. लहान मुलालाही तेवढ्याच व्हायल, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. मुलासाठी फक्त सलाईनचं प्रमाण कमी करतात. आधी टेस्ट डोस द्यायची पद्धत आता नाही.

लसीची रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून बाटली जोडण्याआधी ती आवरणारं अॅड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून उशाशी ठेवायचं. मोठ्या माणसाला ०.५ मिलीग्रॅम, मांडीच्या स्नायूत. पहिली १०-१५ मिनिटं थेंब सावकाश आणि सिस्टर खाटेपाशीच. खाज, गांधी, थंडी वाजणं, उलटी, छातीत घरघर, बीपी उतरणं यातलं काहीही दिसलं की आधी लस बंद, लगेच अॅड्रिनलिन, मग बाकीचं. पेशंट सावरला की लस हळू सुरू करतात. रिअॅक्शन आली म्हणून कायमची बंद करत नाहीत.

लघवीचं मोजमाप रात्रीच्या गडबडीत राहून जातं. घोणस किडनीवर जाते, तेव्हा किती झाली आणि रंग काय, दोन्ही लिहावं.

सकाळच्या हँडओव्हरमध्ये लस कधी संपली आणि रक्त गोठण्याची पुढची नळी कधी लावायची, या दोन वेळा चिकटपट्टीवर लिहून खाटेला लावाव्यात. लस दिल्यावरची चाचणी ६ तासांनी असते, म्हणजे ती हमखास दुसऱ्या पाळीत येते आणि नुसतं तोंडी सांगितलं तर निसटते. उजाडल्यावर धडधाकट दिसणाऱ्या पेशंटचे नातेवाईक घरी न्यायची घाई करतात, धारा काढायच्या असतात, जनावरं असतात. त्यांना बसवून शांतपणे सांगावं की एकही लक्षण नसलं तरी २४ तास इथंच थांबायचं.