नोंदवह्यांतले आजोबा: गाव, सिन्नर, रामकुंड

गेलेल्या माणसाचं आयुष्य कागदांवरून जुळवायचं असेल तर प्रवास उलटा करावा लागतो. मृत्यूपासून निघायचं आणि जन्माकडे, मग जन्माच्याही मागे जायचं. पुष्कळ जण अस्थी घेऊन नाशिकला येतात तेव्हाच उपाध्यांना "आमची वंशावळ काढा" म्हणतात. पण मूळ गाव विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. रामकुंड सगळ्यात शेवटी ठेवावं, कारण तिथल्या उपाध्यांच्या चोपडीला, म्हणजे वंशावळीच्या वहीला, जी माहिती लागते ती आधीच्या दोन मुक्कामांवर मिळते. आम्ही आजोबांसाठी धरलेला रस्ता तोच: सिन्नरच्या पूर्व भागातलं गाव, मग सिन्नरची तहसील, मग नाशिक.

निघण्याआधी घरातली ट्रंक उपसावी. रेशनकार्ड, पासबुक, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, जुना सातबारा, सगळं बघायचं ते एकाच गोष्टीसाठी: नाव कसकसं लिहिलंय. घरचे धोंडीराम शाळेत धोंडू असतात, सातबाऱ्यावर धोंडिबा आणि चोपडीत नुसते धोंडी. ही सगळी रूपं, वडिलांचं नाव आणि मूळ गाव एका कागदावर लिहून खिशात ठेवावं. प्रत्येक खिडकीवर तोच कागद पुढे करायचा. पाठ म्हणून दाखवायला गेलं की एखादं रूप हटकून राहतं.

ग्रामपंचायतीत फार वेळ जात नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा लागू झाल्यानंतरचे मृत्यू तिथे सापडतात. अडचण येते ती ग्रामसेवकाची, कारण त्याच्याकडे बऱ्याचदा दुसरंही गाव असतं. त्याचा वार आधी फोन करून विचारावा.

खरा खजिना जिल्हा परिषदेच्या शाळेत असतो. दाखल-खारिज रजिस्टर म्हणजेच जनरल रजिस्टर. त्यात दाखल नंबर, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण असे रकाने असतात. जन्मतारीख १ जून दिसली तर ती खरी मानू नये. जूनमध्ये शाळा उघडायची आणि गुरुजी पोराच्या अंगलटीवरून वर्ष ठरवून १ जून टाकायचे. शाळा सोडल्याची तारीख मात्र विश्वासाची, कारण ती घडली त्याच दिवसांत लिहिलेली असते. आजोबांच्या नावापुढे कारणाच्या रकान्यात "सतत गैरहजर" आहे आणि महिना सुगीचा आहे. एवढ्यावरून त्या वर्षी घरात काय चाललं असेल याचा अंदाज बांधता येतो. शाळा शनिवारी सकाळची असते, सरकारी कार्यालयं शनिवारी बंद. म्हणून शुक्रवारी तहसील आणि शनिवारी शाळा अशी जोडी बसवता येते; त्यात क्रम थोडा मोडतो, पण चालतं.

सिन्नरला जुन्या नोंदी तहसीलच्या अभिलेख कक्षात. दोन गोष्टी मागायच्या. पहिली गाव नमुना १४, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी वही, जिला सगळे कोतवाल बुक म्हणतात. दुसरी जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी (गाव नमुना ६), आणि त्याच्या जोडीला ६-क ही वारसांची नोंदवही. अर्जात गाव, नमुना आणि वर्षांचा पट्टा लिहावा. नुसतं "आजोबांची नोंद मिळावी" असं लिहिलं की अर्ज टेबलावर पडून राहतो. पट्टा शाळेत लिहिलेल्या जन्मवर्षाच्या मागे-पुढे पाच-पाच वर्षं धरावा. अर्ज अडला तर माहिती अधिकाराखाली १० रुपये भरून अभिलेख पाहणी मागता येते. त्यात पहिला तास मोफत असतो आणि प्रती पानाला २ रुपयांनी मिळतात. मला विचाराल तर आधी प्रती न मागता पाहणीच मागावी. तुमच्या घरातलं नाव तुम्हाला जसं पटकन ओळखू येतं तसं कारकुनाला येणार नाही.

कोतवाल बुकात जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण बारशाच्या आधी बातमी लिहिली गेलेली असते. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख, बस्स. म्हणजे आजोबांना शोधायचं तर त्यांच्या वडिलांच्या नावाखाली. तीन भाऊ असतील तर तीन "मुलगा" सापडतात आणि कोण थोरला हे दुसऱ्या कागदावरून ठरवावं लागतं. मृत्यूच्या पानांवर कारण म्हणून "ताप" इतक्यांदा येतं की त्याला काही अर्थ उरत नाही. पण १९१८ ची वही मिळाली तर पावसाळ्यानंतरची पानं अवश्य बघा. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत एकाच घरातली नावं एकाखाली एक येतात. कुळातली एखादी शाखा अचानक का संपली ते तिथे कळतं.

वारसाच्या फेरफारात मयताची तारीख, वारसांची नावं आणि वयं मिळतात. त्यातलं वयही अंदाजाचंच, पण भावंडांचा क्रम सहसा बरोबर असतो. खरेदीखत हाती लागलं तर सहीची जागा बघावी. "नि. डा. हा. अं." म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. त्याहून जुन्या कागदावर अंगठ्याऐवजी नांगराची निशाणीही आढळते. वडिलांचा अंगठा आणि मुलाची वळणदार सही एकाच कागदावर दिसली की घरात अक्षर कोणत्या पिढीत आलं ते वेगळं विचारावं लागत नाही.

तहसीलची जेवणाची सुट्टी झाली की गोंदेश्वराला जाऊन यावं. यादवांच्या काळातलं शिवपंचायतन आहे, मधलं मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांना चार लहान.

नाशिकला पंचवटी कारंजावर उतरून रामकुंडाकडे चालत जाता येतं. पितृपक्षात मात्र या कामाला जाऊ नये. उपाध्यांना मान वर करायला सवड नसते. पावसाळ्यात गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी किती चढलंय ते बघूनच घाटावर उतरावं. तिथे कुणाही उपाध्यांना गाव आणि आडनाव सांगितलं की तुमचे तीर्थोपाध्ये कोण ते कळतं. गावांची वाटणी घराण्यांत पिढीजात झालेली आहे. चोपड्या घाटावर नसतात, त्यांच्या घरी असतात. म्हणून फोन करून वेळ ठरवावी.

आडनावावरून नोंद सापडली नाही तर तिथेच थांबू नये. आडनावं बदललेली असतात. पाटीलकी आली की पाटील, गाव सोडलं की जुन्या गावावरून नवं नाव. मूळ गावाखाली पणजोबांचं नाव विचारावं. जुनी पानं मोडीत असतात. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि "धोंडी बिन राणू" यातलं बिन म्हणजे "चा मुलगा". उपाध्ये भराभर वाचतात, म्हणून एकानं ऐकायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. तिथी शके सनाची असेल तर ७८ मिळवायचे. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत साधारण ७९. शके १८५२ चा आषाढ १९३० सालातला, पण त्याच शकातला माघ १९३१ मधला. इथे वर्षाचा घोळ हमखास होतो आणि शाळेच्या नोंदीशी मेळ बसेनासा होतो. फोटो विचारून काढावा, फ्लॅश बंद ठेवून. दक्षिणा आपल्या इच्छेची.

तुमची नोंदही त्याच चोपडीत होते. ती घाईत सांगू नये. आजोबांचं पूर्ण नाव, तालुका-जिल्ह्यासकट गाव, मृत्यूची तिथी आणि तारीख दोन्ही, सगळी मुलं, सुना आणि लेकींची सासरची नावं गावांसकट. लेकी सांगायच्या राहतात, म्हणून त्या आधी सांगाव्या.

आजीचं काम याहून अवघड. तिचं माहेर निफाड तालुक्यात, म्हणजे उपाध्ये वेगळे आणि चोपडी वेगळी. शाळेत तिचं नाव नाही. तिच्या वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफारात मात्र लेकींची नावं भावांच्या बरोबरीनं लागलेली असतात आणि पुढे एखाद्या हक्कसोडपत्राच्या फेरफारानं ती कमी होतात. सध्याच्या सातबाऱ्यावर ती दिसणार नाहीत. निफाडच्या अर्जात म्हणूनच ६-क आणि हक्कसोडीचा फेरफार दोन्ही लिहायचे.