साठीनंतर एअर पिस्तूल: हाताआधी चष्मा बघा

कॉलेजात एनसीसीला पॉइंट बावीस रायफल चालवायचे, मग नोकरी, संसार, आणि रिटायर झाल्यावर परत रेंजला जायला लागले. पण पालथं झोपून नेम धरला की मान आणि खांदा दोन दिवस धरलेले असायचे, म्हणून कोच म्हणाले, ताई आता एअर पिस्तूल घ्या, वजन किलोभर, ट्रिगर दाबायला 500 ग्रॅमचा जोर, उभ्याने मारायचं. घेतलं. 4.5 मिमीचं आणि 20 ज्यूलच्या आतलं, त्यामुळे लायसन्स लागलं नाही.

अडलं ते चष्म्यापाशी, अजून आठवलं की डोकं तापतं. हात लांब केला की फ्रंट साईट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी, धूसर. प्रोग्रेसिव्हमधून, म्हणजे वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेल्या काचेतून, बघायचं तर हनुवटी वर करावी लागते, की नेम गेलाच. दुकानातला मुलगा म्हणे, काकू टार्गेट 10 मीटरवर ना, मग लांबचा नंबर नीट करून देतो. अरे पण मला माशी बघायचीये! माशी कडक दिसली पाहिजे, टार्गेटवरचा काळा गोळा पुसट दिसला तरी चालतो. ऐकूनच घेईना. पहिला चष्मा फुकट गेला, दुसऱ्यांदा वाचायचा नंबर दिला, त्यात टार्गेटच गायब. अडीच महिने गेले यात. शेवटी मुलाकडून टेपने मोजून घेतलं, डोळ्यापासून माशी 72 सेंटिमीटर, तो आकडा घेऊन दुसरीकडे गेले. तिथल्या बाईंनी ट्रायल फ्रेम घातली, मी हात सरळ करून पेन उभं धरलं, आणि पेनाची कड स्वच्छ दिसेपर्यंत त्या एकेक भिंग बदलत राहिल्या. लांबच्या नंबरात प्लस 0.75 मिळवल्यावर जमलं. डोळ्यात पाणीच आलं माझ्या. तेव्हा आकडा मोजूनच जा, आणि एकाच नंबरची काच सांगा.

हां, पिस्तूल घेताना दर शॉटला लिव्हर ओढायचं घेऊ नका, माझं अंगठ्याचं मूळ सुजायचं, शेवटी बदलून हवा भरलेल्या सिलिंडरवालं घेतलं. डावा डोळा मिटू नका, त्यापुढे पांढरी पट्टी लावा, मिटून उजवाही थकतो. आणि लोकलमध्ये दांडा धरून उभं राहून आला असाल तर अर्धा तास नुसतं बसा, तोवर हात थरथरतोच.