लाकडात खिळा होता

राउटर म्हणजे लाकडात खाचा पाडणारं, काठाला आकार देणारं सुताराचं मशीन. त्याचं बिट, म्हणजे गरगर फिरून कापणारं टोक, मोडलं की वर्कशॉपमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "लाकडात खिळा होता." आणि खिळा असतोही. पुण्यातला एखादा जुना वाडा उतरवला की त्याच्या तुळया आणि चौकटी जुन्या लाकडाच्या वखारीत येऊन पडतात. असं सागवान आता नवं मिळत नाही म्हणून आपण हौसेनं घेतो. पण त्यात हातानं ठोकलेले चौकोनी खिळे असतात. त्यांची डोकी गंजून गेलेली, वर तेलपाण्याचे थरावर थर. राउटर मिनिटाला वीस-बावीस हजार फेरे मारतो. २५ मिमी व्यासाच्या बिटाची धार तेव्हा ताशी शंभर किलोमीटरच्या वेगानं फिरत असते. तिच्या वाटेत खिळा आला की ठिणगी, एक कर्कश आवाज, आणि धारेचा कपचा उडालेला. इथवर मिस्त्रींचं म्हणणं मान्य. पण नव्याकोऱ्या एमडीएफमध्येही, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून कारखान्यात केलेल्या फळीतही, खिळे सापडू लागतात, तेव्हा मात्र मला शंका येते.

माझं मत असं, की बिट लाकडात कमी आणि लाकडाबाहेर जास्त मरतं. आजकालच्या बिटाचं अंग पोलादाचं असतं आणि धार कार्बाइडची, म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे बारीक कण कोबाल्टनं बांधून केलेली. मिस्त्रीलोक तिला अजून 'विडिया'च म्हणतात. १९२० च्या दशकात जर्मनीतल्या क्रुप कंपनीनं हा माल त्या नावानं बाजारात आणला होता. कंपनी कुणाच्या लक्षात नाही, नाव मात्र प्रत्येक सुताराच्या तोंडी आहे. ही विडिया भयंकर कडक. प्लायवुडमधलं चिकट रेझिन, एमडीएफ, सनमायका, सगळ्यांना पुरून उरते. साधी हायस्पीड स्टीलची धार तिथे लवकर बोथट होते. पण कडक माणसाचं जे होतं तेच तिचं होतं. वाकता येत नाही, म्हणून तडकते.

शहाबादी फरशीवर पडली, गेली. राउटर टेबलाच्या बिडाच्या पाटावर जरा जोरात ठेवली, गेली. कॉलेट, म्हणजे बिटाची दांडी धरून ठेवणारी मशीनची पकड, आवळताना पाना निसटून धारेवर बसला, गेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बिस्किटाचा डबा. दहा-बारा बिटं त्यात एकत्र टाकून तो डबा टेम्पोत ठेवायचा आणि साइटवर न्यायचा. खडीच्या रस्त्यावर ती एकमेकांवर आपटत जातात. साइटवर कपाटाच्या फळीला गोलाई मारली की काठावर एक बारीक रेघ उमटते, पार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. धारेचा टवका उडाला की जिथे टवका तिथे लाकूड उरतं, म्हणून ती रेघ. मग शोध सुरू होतो, खिळा कुठे होता त्याचा.

काही बिटं मेलेली नसतात, नुसती मळलेली असतात. काठ जळून काळा पडतो, धुराचा वास येतो, आणि बिट बोथट झालं म्हणून फेकलं जातं. धारेमागे साचलेलं रेझिन रॉकेलच्या फडक्यानं पुसलं तर तेच बिट पुन्हा चांगलं चालतं. सनमायका ट्रिम करायच्या बिटाचं तर वेगळंच. त्याच्या टोकाला बारीक बेअरिंग असतं. त्यात चिकटवायचा डिंक गेला की ते जाम होतं, बिटाबरोबर गरगर फिरतं आणि सनमायकावर काळा पट्टा ओढतं. बेअरिंग एका बारीक स्क्रूनं निघतं आणि वेगळं विकत मिळतं. शिवाय सनमायका जेमतेम मिलिमीटरभर जाडीची. ती रोज धारेच्या एकाच जागी घासते, तेवढ्याच जागी खाच पडते, आणि बाकी सगळी धार कोरी. मशीन दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली केलं की नवी धार हजर. एवढं सांगितलं तर मिस्त्री म्हणतात, "दादा, तुम्ही बिट जपता की पैसे?" दोन्ही, मिस्त्री.

तरीही एक दिवस नवं घ्यावंच लागतं. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरचा दुकानदार आधी किंमत सांगत नाही, विचारतो, "शँक किती?" म्हणजे कॉलेटमध्ये जाणारी दांडी किती जाडीची. इथे नवखा माणूस अडकतो. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. बाजारात ६ मिमीच्या दांडीचीही बिटं मिळतात, आणि ट्रिमरबरोबर, म्हणजे छोट्या राउटरबरोबर, कॉलेट कधी या मापाची येते, कधी त्या. फरक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, डोळ्याला दिसत नाही. पण ६ चं बिट पाव इंचाच्या कॉलेटमध्ये कितीही आवळलं तरी नीट धरलं जात नाही. काम चालू असताना ते हळूहळू खाली सरकतं आणि खाच एका टोकाला ५ मिमी खोल, दुसऱ्या टोकाला ८. अर्धा इंच आणि १२ मिमीचंही असंच. मशीन झेपत असेल तर मी अर्ध्या इंचाचीच दांडी घ्या म्हणेन. दांडी दुप्पट जाड झाली की वाकायला सोळापट चिवट होते. थरथर कमी, आणि काठ स्वच्छ.

दुकानदार मग हमखास लाकडी पेटी पुढे सरकवतो. काचेचं झाकण, आत तीस-पस्तीस बिटं रांगेत उभी. नव्या माणसानं ती पेटी एकदा घ्यायला हरकत नाही, असं मला वाटतं. त्यातली नक्षीदार कांगोऱ्याची बिटं पुढची कित्येक वर्षं मेणासकट तशीच राहतात. मोडतात ती चारच : सरळ खाचेचं, ट्रिमचं, गोलाईचं आणि ४५ अंशाचं. जे रोज हातात येतं तेच फरशीवर पडतं. तेव्हा जे मोडेल ते एकेकटं, चांगल्या प्रतीचं घ्यावं. पेटीतलं सुटं मिळत नाहीच.

सरळ बिटात आता पीळदार प्रकारही आले आहेत, अख्खेच्या अख्खे कार्बाइडचे. भुसा वर खेचणारं बिट खोल खाचेला उत्तम, पण ते प्लायचा वरचा विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, उचलतं. खाली दाबणारं विनिअर सांभाळतं, मात्र भुसा खाचेतच राहतो आणि बिट तापतं. दोन्हीकडून आत दाबणारं सगळ्यात महाग. ते फरशीवर पडलं तर टवक्यावर भागत नाही, दोन तुकडे होतात.

जुन्या बिटाला धार लावून मिळते. तसं केलं की व्यास थोडा कमी होतो, १२ चं बिट ११.८ चं होतं, म्हणून जाणकार नको म्हणतात. मला ते पटत नाही. बाजारातला १२ मिमीचा प्लाय तरी कुठे पुरता १२ चा असतो? कॅलिपर लावून बघा. धार लावलेल्या बिटाच्या खाचेत तो कित्येकदा जास्त घट्ट बसतो.

सध्या आमची बिटं बाभळीच्या ठोकळ्यात भोकं पाडून उभी केली आहेत. ६ मिमीवाल्यांच्या दांडीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. ही कल्पना मिस्त्रींची. नेलपॉलिश आमच्या घरातलं. ते कुठे गेलं याची चौकशी अजून चालू आहे.