बुलबुलही लिहा

पक्षीगणनेला नाव देणाऱ्या नवख्या माणसाच्या मनात एखादा दुर्मीळ पक्षी आधीच येऊन बसलेला असतो. जानेवारीत महाबळेश्वरच्या पठारावर प्रत्यक्षात भेटतात ते शिपाई बुलबुल. हिरड्यावर दोन, अंजनीच्या झुडपात पाच, विजेच्या तारेवर एक. अर्ध्या तासात प्रश्न येतोच, ‘हेही लिहायचं का?’ हेच तर लिहायचं. दुर्मीळ पक्ष्याचा फोटो निघतो, तो चार जणांना सांगितला जातो. बुलबुल कमी झाले तर ते कळायला एकच मार्ग आहे: भरपूर होते तेव्हा कोणीतरी कंटाळा न करता ते मोजलेले असावेत. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना एक प्रश्न विचारतात, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का? कावळे-बुलबुल गाळले असतील तर प्रामाणिक उत्तर ‘नाही’, आणि अशी यादी कोणता पक्षी किती वेळा दिसतो या हिशेबात धरता येत नाही.

कंटाळा न करण्याची ही रीत सव्वाशे वर्षांची आहे. अमेरिकेत नाताळात दोन गट पाडून कोण जास्त शिकार करतो याची चुरस लागायची. १९०० साली फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने सुचवलं की मारण्याऐवजी मोजा. पहिल्या वर्षी २७ जण निघाले. ती गणना आजही १४ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात, २४ किलोमीटर व्यासाच्या ठरलेल्या वर्तुळांत होते. फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या जागतिक गणनेत भारत २०१३ पासून आहे. तिथे किमान १५ मिनिटांची यादी पुरते.

डोंगरात मात्र घड्याळाइतकंच ऊन बघावं लागतं. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला, कोकणात कोसळतो. पूर्वेच्या उतारावर सातनंतर ऊन येतं तेव्हा कड्याखालची झाडी सावलीत गारठलेली असते. तिथे हालचाल बरीच उशिरा सुरू होते. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे काही पहाटे दव गोठून स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर धरतो. अशा सकाळी परिसरातले पक्षी पहिलं ऊन पडलेल्या शेंड्यांवर जमतात आणि रान भरून वाहतंय असं वाटतं. तासाभरात तेच पक्षी पांगून झुडपांत उतरतात. एकाच पायवाटेवर दोन टोकांनी निघालेल्या तुकड्यांचे आकडे जुळत नाहीत ते यामुळे. वाट तीच, दिशा तीच, सुरुवातीची वेळ तीच, एवढं पाळलं तर यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

घनदाट झाडीत चालत मोजण्यापेक्षा ठरलेल्या जागी उभं राहून मोजणं बरं. दोन जागांत २०० ते २५० मीटर अंतर हवं, नाहीतर एकच पक्षी दोन्हीकडून ऐकू येतो. पोचल्यावर दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, कारण आपल्या पावलांनी दबलेलं रान लगेच बोलत नाही. मग दहा मिनिटं मोजणी. एकाने बघावं, एकाने ऐकावं, एकाने लिहावं. लिहिणाऱ्याने मान वर करायची नाही, हा नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो.

निम्म्याहून अधिक काम कानाचं असतं. हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून आलेले पर्णवटवट्ये पानांआड दिसत नाहीत, पण हिवाळ्यात आपापली हद्द धरून सारखे बोलत राहतात. दोन बाजूंनी एकाच वेळी आवाज आला तर दोन लिहावेत. आधी इकडून मग तिकडून आला तर एकच. जात ठरत नसेल तर ‘पर्णवटवट्या, जात अनिश्चित’ ही नोंद पूर्ण मान्य आहे, आणि अंदाजाने लिहिलेल्या नावापेक्षा मोलाची आहे. झुडपातून सर्पगरुडाची शीळ आली तर थांबावं. भृंगराज कोतवाल तिची हुबेहूब नक्कल करतो. खरा सर्पगरुड बहुधा कडा तापून हवा वर चढू लागल्यावर आभाळात घिरट्या घालत ओरडतो.

आवाजावरच्या आकड्यांत आणखी एक खोच आहे. शीळकरी कस्तुराचं खरं गाणं पावसाळ्यातलं. थंडीत तो ओढ्याकाठी एखादी तीक्ष्ण हाक देऊन गप्प होतो. कुटुरग्याचं उलट, उन्हाळा जवळ येईल तसा त्याचा गळा मोकळा होत जातो. डिसेंबरपेक्षा फेब्रुवारीच्या यादीत कुटुरगे जास्त भरले तर पक्षी वाढले असं नाही, बडबड वाढली एवढंच.

कड्यावर पाकोळ्या गोल फिरत असतात, त्या मोजताना बेरीज करू नये. एका नजरेत एका वेळी जास्तीत जास्त जितक्या दिसल्या तोच आकडा. मोठा थवा असेल तर दहा मोजून त्या दहांनी डोळ्यांना किती जागा व्यापली ते बघायचं आणि थव्याचे तेवढ्या-तेवढ्या जागेचे तुकडे पाडून मोजायचं. मिश्र थवा पुढे सरकत असेल तर झाडीतली एखादी फट धरून तिथून जाणारेच मोजावेत. पानापानावर ५०, १००, २०० असे गोल आकडे आले की नोंदवही घरी बसून भरली की काय, अशी शंका येते.

दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरे. चढ चढून आल्यावर धाप लागलेल्या हातांत दहापट मोठं चित्र नुसतं नाचतं. डोळ्याशी लावताना श्वास खाली सोडावा, नाहीतर थंडीत काच धुरकटते. दवाने ओल्या झालेल्या वहीत पेनची शाई पसरते, म्हणून पेन्सिल. दरीत रेंज शोधत फोनची बॅटरी संपते. तो फ्लाइट मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतो. खाऊ म्हणून चिक्की आणावी. वेफर्सचं पाकीट शंभर पावलांवरच्या रानाला आपली बातमी देतं. पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून त्यांना बाहेर काढणं हे गणनेत बसत नाही. त्याने आकडा बिघडतो आणि हद्द राखणाऱ्या पक्ष्याची सकाळ फुकट जाते.

कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी लटकलेली असतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा, चारही वर्ज्य. वनविभागाची परवानगी आधी घ्यावी, आणि वाटेवर गवा उभा असेल तर मोजणी सोडून मागे फिरावं. वाऱ्याने फांद्या हलू लागल्या किंवा धुकं खोऱ्यातून वर आलं की वेळ लिहून थांबायचं. झाली तेवढ्या मिनिटांची यादी चालते.

ती त्याच संध्याकाळी भरावी. एखादा आकडा किंवा पक्षी त्या भागात, त्या महिन्यात अनपेक्षित असेल तर ई-बर्डवरच्या तपासणाऱ्याचा प्रश्न येतो. समजा, प्रश्न निळ्या डोक्याच्या कस्तुराच्या मादीबद्दल आहे. तिथे ‘पक्की तीच होती’ असं लिहून भागत नाही. पोटावरच्या रेघा कशा होत्या, ती किती अंतरावर होती, उजेड कुठून होता आणि जवळ पंखावर पांढरा डाग असलेला नर दिसला का, एवढं सांगावं लागतं.