बर्फात दारोदार फिरणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं

जपानच्या कुठल्याही मोठ्या शहरात थोडे दिवस राहिलात की ही जोडी दिसतेच. पांढरा शर्ट, टाय, पाठीला सॅक, डोक्यावर हेल्मेट, हातात सायकल आणि खिशाला नावाचा काळा बिल्ला. नेहमी दोघं, एकटं कधीच नाही. उत्तर जपानमधल्या साप्पोरोला राहायला आल्यापासून ही मुलं आमच्या चांगल्या ओळखीची झाली आहेत. घरी फोनवर त्यांचा विषय निघाला की आईपासून मामांपर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "धर्म बदलायला लावतात का गं?" म्हणून आज त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते.

हे मॉर्मन मिशनरी. त्यांच्या चर्चचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. जोसेफ स्मिथ यांनी 1830 साली न्यूयॉर्क राज्यात ते स्थापन केलं. आज मुख्यालय अमेरिकेच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. लोकांनी पूर्ण नावच वापरावं असा आग्रह 2018 पासून चर्चने धरला आहे. मी इथे 'मॉर्मन' म्हणते ते फक्त तो शब्द सगळ्यांना माहीत आहे म्हणून. जगभरात असे 70 हजारांहून जास्त मिशनरी आहेत आणि त्यातले बहुतेक विशीच्या आसपासचे. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. 2012 मध्ये मुलांसाठी किमान वय 19 वरून 18 वर आणलं गेलं. म्हणजे आपल्याकडे पोरं बारावीच्या निकालाची वाट बघत असतात त्या वयात हे निघतात.

कुठे जायचं हे त्यांच्या हातात नसतं. अर्ज करायचा आणि चर्च पाठवेल तिथे जायचं. पूर्वी घरी मोठं पांढरं पाकीट यायचं, आता ऑनलाइन कळतं. वर पगार नाही, उलट पदरमोड. अमेरिकेतल्या मुलांना 2020 पासून महिन्याला 500 डॉलर स्वतःच्या साठवलेल्या पैशातून किंवा घरच्यांकडून भरावे लागतात. आमच्याकडे येणाऱ्या आयडाहोच्या मुलाने त्यासाठी शाळेत असताना बटाट्याच्या शेतात काम केलं होतं. (नावं देत नाही. त्यांच्यातही पहिलं नाव वापरायची पद्धत नाही. मुलगे 'एल्डर', मुली 'सिस्टर' आणि पुढे आडनाव.) त्याचा जोडीदार ओकिनावाचा, म्हणजे जपानच्या दक्षिण टोकाच्या उबदार बेटांवरचा. त्याने साप्पोरोला येईपर्यंत बर्फ पाहिलाच नव्हता.

आमची ओळख झाली ती इंग्रजीच्या वर्गात. मिशनरी चर्चच्या इमारतीत आठवड्यातून एकदा फुकट इंग्रजी शिकवतात आणि जपानमध्ये हे वर्ग बरेच ठिकाणी चालतात. शेजारच्या आजी तिथे जायच्या. एकटीला कंटाळा येतो म्हणून त्या मला घेऊन गेल्या. मला इंग्रजी शिकायचं नव्हतं, पण तिथल्या बायकांशी जपानी बोलायला मिळतं म्हणून मी जात राहिले. शेवटची काही मिनिटं धर्माबद्दल बोलणं असतं. ज्यांना थांबायचं नसेल ते आधीच उठतात आणि त्यावर कुणी तोंड वाकडं करत नाही.

त्यांचा दिवस ऐकून मी थक्क झाले होते. साडेसहाच्या सुमारास उठायचं, व्यायाम, न्याहारी, मग एकट्याने धर्मग्रंथाचं वाचन, मग दोघांनी मिळून अभ्यास, वर जपानीचा अभ्यास वेगळा. त्यानंतर बाहेर, ते थेट रात्री नऊच्या आसपासपर्यंत. साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, टीव्ही नाही, प्रेमप्रकरण नाही. पोहायलासुद्धा परवानगी नाही. सोमवार त्यातल्या त्यात मोकळा: कपडे धुणं, बाजारहाट, केस कापणं आणि घरी फोन. हा दर आठवड्याचा फोनसुद्धा 2019 पासूनचा. त्याआधी वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. आयडाहोच्या मुलाचा मोठा भाऊ त्या काळातला. त्यांच्या आईने ती दोन वर्षं कशी काढली असतील याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

साप्पोरोचा हिवाळा म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत बर्फ, आणि रस्ता नुसता काचेसारखा गुळगुळीत. सायकली बंद होतात. मग भुयारी रेल्वे आणि पायपीट. इमारतीखालच्या इंटरकॉमवर घरामागून घर बेल वाजवत जायचं. जपानी माणूस हाकलून देत नाही. "केक्को देस", म्हणजे नको, असं अतिशय नम्रपणे म्हणतो आणि इंटरकॉम बंद करतो. जपानमध्ये सगळे पंथ मिळून ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्या आसपास, तेव्हा दिवसाचे दिवस फक्त नकारच ऐकून घरी यायचं, हे इथे ठरलेलंच. युरोप-अमेरिकेतून निघताना याची कल्पना दिलेली असते, पण कल्पना असणं वेगळं आणि उणे सात तापमानात ओले बूट घालून उभं राहणं वेगळं.

इथला त्यांचा इतिहासही असाच चिकाटीचा आहे. चर्चचे एक वरिष्ठ नेते हिबर ग्रँट आणि आणखी तिघे मिशनरी 12 ऑगस्ट 1901 ला योकोहामा बंदरात उतरले. त्यातला सगळ्यात लहान अल्मा टेलर 19 वर्षांचा. त्याला जपानी अजिबात येत नव्हतं. त्याच टेलरने 'बुक ऑफ मॉर्मन' या त्यांच्या धर्मग्रंथाचं जपानी भाषांतर केलं, ते 1909 मध्ये छापून आलं. अनुयायी मात्र फारच थोडे मिळाले. शेवटी 1924 मध्ये मिशन बंद झालं, आणि बंद करण्याचा निर्णय घेणारे चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष म्हणजे हेच ग्रँट. 1948 मध्ये काम पुन्हा सुरू झालं. 1980 मध्ये टोकियोला आशियातलं त्यांचं पहिलं मंदिर (नेहमीच्या चर्चहून वेगळी, खास विधींसाठीची वास्तू) उभं राहिलं आणि 2016 मध्ये आमच्या साप्पोरोतही. 1971 साली मिशनरी म्हणून आलेले केंट गिल्बर्ट पुढे वकील झाले आणि जपानी टीव्हीवर घरोघरी ओळखले जाऊ लागले. शेजारच्या आजींना त्यांचे कार्यक्रम अजून आठवतात.

मला या सगळ्यात सर्वांत अवघड वाटतो तो जोडीदाराचा नियम. जोडीदार आपण निवडायचा नाही, वरून ठरवून मिळतो. चोवीस तास एकमेकांच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं. न्हाणीघर सोडलं तर एकांत नाही. दर सहा आठवड्यांनी बदलीची यादी येते, त्यात कोण जाईल सांगता येत नाही. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांबद्दल काय खटकतं ते स्पष्ट सांगायचं, हेही नियमातच आहे. आयडाहोचा भराभर बोलणारा, ओकिनावाचा दहा शब्दांत दिवस काढणारा. सुरुवातीला दोघांचं मुळीच जमत नव्हतं, हे त्यांनीच आमच्या जेवणाच्या टेबलावर सांगितलं. जानेवारीत ओकिनावाचा आजारी पडला, तेव्हा दुसऱ्यालाही खोलीतच थांबावं लागलं. त्या दिवसांत त्याने पेज करायला शिकून घेतली आणि जोडीदाराकडून ओकिनावाची बोली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी आम्ही नवरा-बायको एवढ्या शिस्तीने कधी बोललेलो नाही.

त्यांचं जेवण म्हणजे आपल्या जुन्या पुण्यातली वार लावून जेवणारी मुलं आठवावीत असं. चर्चमधली कुटुंबं आळीपाळीने त्यांना बोलावतात. आम्ही चर्चचे नाही, तरी बोलावतो. नवरा घरी नसेल तर दोघं एल्डर उंबऱ्याच्या आत येत नाहीत. एकट्या बाईच्या घरी जायचं नाही हा त्यांचा नियम, आणि तो ते काटेकोर पाळतात. चहा-कॉफीही वर्ज्य, जपानी हिरवा चहासुद्धा. इथले लोक त्यांना भाजलेल्या जवाचा थंड काढा देतात, त्याला मुगिचा म्हणतात. मी आलं, गवती चहा, गूळ आणि दूध उकळून देते. चहापत्ती नसल्यामुळे ते चालतं आणि भांडं रिकामं होतं.

आता आईचा आणि मामांचा प्रश्न. होय, ते धर्मप्रसारासाठीच आले आहेत आणि ते लपवत नाहीत. पहिल्याच भेटीत त्यांनी आम्हाला पुस्तक दिलं आणि वाचाल का असं विचारलं. आम्ही आमच्या घरात देव आहेत, ते बदलणार नाहीत, असं स्वच्छ सांगितलं. त्यानंतर त्यांनी आग्रह केला नाही. आपल्या श्रद्धेसाठी दुसऱ्याचं दार वाजवणं मला आजही पटत नाही आणि तेही मी त्यांना सांगितलं आहे. शिवाय अठरा हे वय या कामासाठी मला लहानच वाटतं. काही मुलं मुदतीआधी परततात, आणि जिथे सगळेच मिशन पूर्ण करतात अशा गावात परत जाऊन तोंड दाखवणं त्यांना फार जड जातं. चर्चने याबद्दल आणखी मोकळेपणाने बोलायला हवं.

पण ज्या मुलांना आम्ही ओळखतो, त्यांच्याबद्दल मनात निखळ माया आहे. बर्फ पडला की सकाळी ते शेजारच्या आजींच्या दारासमोरचा बर्फ फावड्याने बाजूला करतात. आजी चर्चमध्ये येणार नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मार्चमध्ये ओकिनावाच्याची बदली झाली. आता आयडाहोच्या मुलाबरोबर टोकियोकडचा एक नवा मुलगा आहे.

परदेशात शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांना कधी ना कधी ही जोडी भेटेल. त्यांच्या धर्मात रस नसेल तर पहिल्याच भेटीत तसं सांगा, ताटकळत ठेवू नका. त्यांचा दिवस मोजून आखलेला असतो. घर बदलताना सामान उचलायला माणसं कमी पडत असतील तर खुशाल विचारा, बहुतेक वेळा येतात. जेवायला बोलावायचं असेल तर आधी कळवा आणि चहाचं आधण ठेवू नका. तिखट चालतं का तेवढं विचारून घ्या. ओकिनावाच्याला अजिबात चालत नव्हतं, आयडाहोचा मात्र ठेचा मागून घेतो.