मोबाईलवर दिसतं, मग मोबाईलवरून चालत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हा प्रश्न कारखान्याचे मालकच विचारतात. जुन्या भट्टीचं तापमान मोबाईलवर दिसायला लागलं की थोड्याच दिवसांत फोन येतो, "आता इथूनच चालू-बंद करायची पण सोय करून टाका की."

सोय करणं अवघड नाही, आणि तीच तर पंचाईत आहे. अशा भट्टीचा पीएलसी, म्हणजे ती चालवणारा पॅनेलमधला छोटा कॉम्प्युटर, बहुतेक वेळा मॉडबसवर बोलतो. मॉडबस म्हणजे यंत्रांची आपसात बोलायची ठरलेली भाषा, प्रोटोकॉल. मॉडिकॉन कंपनीने हा प्रोटोकॉल १९७९ साली आणला. तेव्हा सगळं बोलणं कारखान्यातल्या कारखान्यात, घरच्या माणसांचं. त्यामुळे मूळ मॉडबसमध्ये पासवर्डच नाही. फंक्शन ३, म्हणजे तीन नंबरचा हुकूम, पाठवला की रजिस्टर (पीएलसीतला आकडा ठेवायचा कप्पा) वाचता येतं, ६ पाठवला की त्यात लिहिता येतं. लिहिणारा कोण, हे पीएलसी विचारत नाही.

त्यात रजिस्टरांचे पत्ते चुकायला वेळ लागत नाही. मॅन्युअलमध्ये ४०००१ छापलेलं असतं, पण वायरवरून जाताना तो पत्ता शून्य असतो. एक घर इकडेतिकडे झालं की शेजारचंच रजिस्टर हाती लागतं. ३२ बिटांचा दशांश आकडा दोन रजिस्टरांत बसतो. त्यांचा क्रम उलटा धरला तर १००.० अंश चक्क शून्य दिसतात. वाचताना असं झालं तर दुरुस्त करून मोकळं व्हायचं. लिहिताना झालं तर? हीटर काढायला मेंटेनन्सवाल्याने भट्टीत हात घातलाय, हे ऑफिसात बसून कळत नाही. (त्यावर "कॅमेरा लावू का?" असं विचारणारेही भेटलेत.)

म्हणून माझ्या गेटवेमध्ये, म्हणजे पीएलसी आणि मोबाईल यांना जोडणाऱ्या डब्यात, फक्त वाचायची फंक्शन्स उघडी असतात, ३ आणि ४. बाकी सगळी बंद.

फारच आग्रह झाला तर सेटपॉइंटपुरती, म्हणजे भट्टीने किती तापमान गाठायचं त्या आकड्यापुरती, वाट काढतो. एकाच मोकळ्या रजिस्टरवर लिहायची मुभा, तीही नुसती मागणी म्हणून. ती किमान-कमाल मर्यादेत बसते का हे लॅडरमध्ये (पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये) तपासायचं, आणि पॅनेलसमोरच्या ऑपरेटरने बटण दाबलं तरच खरा सेटपॉइंट बदलायचा. पण त्यासाठी लॅडरला हात लावावा लागतो. मी बॅकअप मागतो. पॅनेल बनवणाऱ्याने धंदा बंद केलेला, ज्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम होता तो भंगारात गेलेला, पीएलसीतून अपलोड केलं तर कुठला भाग काय करतो हे सांगणारी कॉमेंट एकही नाही. बहुतेकांची हौस इथेच फिटते.