दोन लूप म्हणजे एन स्क्वेअरच का?

दरवर्षी प्रोग्रामिंगच्या वर्गात हा प्रश्न येतो, मुलाखतीची तयारी करणारेही विचारतात: ‘एकात एक दोन लूप दिसले की टाइम कॉम्प्लेक्सिटी एन स्क्वेअर लिहून मोकळं व्हायचं ना?’

नाही. टाइम कॉम्प्लेक्सिटी म्हणजे इनपुटचा आकार एन वाढला की कामाची पावलं कशी वाढतात ते. लूप, म्हणजे प्रोग्रामचे पुन्हा पुन्हा चालणारे भाग, किती आहेत ते सोडा. सगळ्यात आतली ओळ एकूण किती वेळा चालते ते मोजा.

माझं लाडकं उदाहरण घ्या. बाहेरचा लूप ‘आय’ (i) हा आकडा १ पासून एनपर्यंत एकेकाने नेतो. आतल्या लूपचा आकडा ‘जे’ (j) आयपासून निघतो आणि एनपर्यंत दर खेपेला आयनेच वाढतो, म्हणजे आयचा पाढा म्हणत जातो. आय १ असताना आतली ओळ एन वेळा चालते, २ असताना त्याच्या निम्मी, ३ असताना तिसरा हिस्सा. एकूण काम झालं एन गुणिले (१ + १/२ + १/३ + … + १/एन).

या कंसाची किंमत काढायला कॅल्क्युलस लागत नाही, आणि म्हणूनच ही सिद्धता मला फार सुंदर वाटते. पहिला १ वेगळा ठेवा. १/२ आणि १/३ मिळून १ पेक्षा कमी. १/४ ते १/७ ही चार पदं, प्रत्येक जास्तीत जास्त पाव, म्हणजे बेरीज पुन्हा १ च्या आत. पुढची आठ पदंही तशीच. गट दर वेळी दुप्पट होतो, पण बेरीज १ च्या वर जात नाही. एन १० लाख असेल तर असे २० गट पुरतात, कारण दोनचा विसावा घात १०,४८,५७६ आहे. म्हणजे फार तर २ कोटी पावलं. एन स्क्वेअर असता तर १ लाख कोटी! सेकंदाला १० कोटी पावलं धरली, तर एकीकडे सेकंदाचा पाचवा हिस्सा, दुसरीकडे पावणेतीन तास. दोनचा कितवा घात एनइतका होतो, तो आकडा म्हणजे लॉग एन; गट साधारण तेवढेच. उत्तर: एन लॉग एन.

आतला लूप फक्त मूळ संख्यांसाठी चालवला की हीच एराटोस्थेनिसची चाळणी, म्हणजे मूळ संख्या शोधायची रीत, होते, आणि काम एन लॉग लॉग एनवर येतं. तिथे मात्र गटांची युक्ती अपुरी पडते. गणितज्ञ मर्टेन्सने १८७४ मध्ये सिद्ध केलेला, मूळ संख्यांच्या व्यस्तांच्या बेरजेचा (१/२ + १/३ + १/५ + …) निष्कर्ष लागतो.

उलट, पहिल्या उदाहरणातला ‘जे’ हा आकडा आय + १ पासून एनपर्यंत एकेकाने वाढत असेल, तर बेरीज एन(एन − १)/२. ‘निम्मंच काम आहे की,’ असं मुलं म्हणतात. पण एन दुप्पट केला की हे काम जवळपास चौपट होतं, म्हणून ते एन स्क्वेअरच.